थोरांची ओळख : पंडिता रमाबाई आणि त्यांच्या आजीबाई



या सदरात यावेळी आम्ही पंडिता रमाबाईंची गोष्ट सांगणार आहोत. त्यांचं नाव तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ऐकलं असेल. विधवांसाठी शाळा काढणाऱ्या, संस्कृतच्या मोठ्या विदुषी, पुढे ख्रिस्ती झालेल्या, एवढं आपल्याला साधारण माहीत असतं. पण त्या जवळजवळ तीन वर्षं इथे इंग्लंडात राहिल्या होत्या, आणि त्या तीन वर्षांत त्यांचं इथल्या धर्माधिकाऱ्यांशी चांगलंच वाजलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आम्हाला तोच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून तिथे जरा जास्त रेंगाळणार आहोत. लहान गटातल्या मुलांनी हा लेख आईबाबांकडून वाचून घ्यावा.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. जन्मगाव गंगामूळ, म्हणजे आजच्या कर्नाटकात, सह्याद्रीच्या रानात. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे वैदिक पंडित. त्या काळी बायकांनी संस्कृत शिकणं पाप समजत. अनंतशास्त्रींनी आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. लोकांनी त्यांना जाब विचारला, तेव्हा पंडितांच्या सभेपुढे उभं राहून शास्त्रातलेच आधार देऊन त्यांनी आपलं म्हणणं मांडलं. अधिकाराच्या जागी बसलेल्या माणसाला आधार मागायचा, ही सवय रमाबाईंना घरातूनच मिळाली असं आम्हाला वाटतं.

रमा सहा महिन्यांची असताना हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेला निघालं. तिला वेताच्या पेटाऱ्यात घालून हमालाच्या डोक्यावरून डोंगराखाली आणलं होतं. पुढची कितीतरी वर्षं पायी प्रवास, देवळात पुराण सांगायचं, मिळेल त्यावर राहायचं. आईने चालता चालता मुलीला हजारो श्लोक पाठ करून घेतले. मग १८७० नंतरच्या दशकात दुष्काळ पडला. वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. आईला स्मशानात न्यायला पुरेसे खांदेकरी मिळेनात, तेव्हा रमेने स्वतः खांदा दिला, आणि ती बुटकी असल्यामुळे तिरडीचा तो कोपरा तिला डोक्यावर घ्यावा लागला.

उरलेली दोघं भावंडं, रमा आणि श्रीनिवास, चालत चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती अशा पदव्या दिल्या. वय वीस! १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी दुसऱ्या जातीत, नोंदणी पद्धतीने लग्न केलं. १८८१ मध्ये मनोरमा झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारीत बिपिनबाबू कॉलऱ्याने गेले. चोविसाव्या वर्षाच्या आत रमाबाई विधवा.

त्या पुण्याला आल्या. आर्य महिला समाज काढला, स्त्रीधर्मनीती हे पुस्तक लिहिलं, हंटर कमिशनपुढे साक्ष देऊन बायकांना डॉक्टर आणि शिक्षिका करा असं सांगितलं. डॉक्टर होण्यासाठी त्यांना स्वतःलाही इंग्लंडला जायचं होतं. पुण्यात काम करणाऱ्या वाँटेजच्या ख्रिस्ती जोगिणींशी त्यांची ओळख झाली होती. पुस्तकाच्या पैशांतून तिकीट काढून १८८३ साली त्या छोट्या मनोरमेला घेऊन निघाल्या.

वाँटेज हे ऑक्सफर्डच्या नैर्ऋत्येला असलेलं छोटं गाव. तिथे सेंट मेरीच्या जोगिणींचा मठ होता. बरोबर आलेल्या मैत्रीण आनंदीबाई भगत यांचा तिथे काही महिन्यांतच दुर्दैवी मृत्यू झाला. ऐकू कमी येत असल्यामुळे रमाबाईंचं डॉक्टरीचं स्वप्नही मोडलं. परका देश, परकी भाषा, कडेवर दोन वर्षांची मुलगी. अशा मनःस्थितीत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. दुःखात सापडल्या म्हणून घेतला की पटला म्हणून, यावर आजही वाद होतात. त्यांच्या स्वतःच्या लिहिण्यावरून असं दिसतं की समाजाने पतित ठरवलेल्या बायकांना जवळ करणारा ख्रिस्त त्यांना मनापासून भावला होता.

वाँटेजमध्ये त्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी सिस्टर जेराल्डीन यांच्यावर होती. त्या पुण्याला राहून आलेल्या. रमाबाई त्यांना आजीबाई म्हणत, पत्रातही हाच मायना. मनोरमेला त्यांनी मायेने सांभाळलं. त्यांचा रमाबाईंवर जीव होता यात शंका नाही. पण त्यांची समजूत अशी, की नव्याने ख्रिस्ती झालेल्या माणसाने आधी आज्ञा पाळायला शिकावं, आणि प्रश्न मागाहून.

आणि रमाबाई तर प्रश्नांचं पोतं! पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे तीन असून एक कसे, ज्याला ख्रिस्ती लोक त्रैक्य म्हणतात, ते त्यांना बायबलमध्ये स्पष्ट सापडेना. मग ते मानलंच पाहिजे असं का? इंग्लंडात ख्रिस्ती लोकांचे इतके पंथ, मग खरा कुठला? गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरं होती. त्यांनी विचारलं, जी भाषा मला येत नाही आणि माझ्या देशातल्या लोकांना येत नाही, ती कशासाठी? संस्कृत का नको? जेवणाचंही तसंच. रमाबाई शाकाहारी, अंडं घातलेलं पुडिंगसुद्धा खायच्या नाहीत. (शाळेच्या जेवणात आपल्यापैकी कितीजणांनी हे अनुभवलं असेल!) आजीबाईंना यात जुना जातीचा गर्व दिसला. रमाबाईंचं म्हणणं, ख्रिस्ताने मला माझ्या लोकांचं खाणंपिणं सोडायला कुठे सांगितलंय?

या काळात त्या चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकत होत्या आणि संस्कृत शिकवतही होत्या. तिथे पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार निघाला. लगेच मुंबईचे आणि लाहोरचे बिशप यांनी हरकत घेतली. पुरुषांना शिकवलं तर हिंदुस्थानात परतल्यावर हिचं वजन राहणार नाही, असं त्यांचं मत. गंमत पाहा, कलकत्त्यात भर सभेत पंडितांपुढे बोललेल्या बाईला हे सांगायचं! रमाबाई भयंकर चिडल्या. त्यांनी आजीबाईंना लिहिलेल्या पत्रांचा मथितार्थ असा, की मी देवाची आज्ञा पाळीन, पण माझी सदसद्विवेकबुद्धी कुठल्या बिशपच्या हाती देणार नाही. एका शास्त्र्यांच्या कचाट्यातून सुटून दुसऱ्यांच्या हाती जायला मी इथे आले नाही, असाच त्याचा सूर.

आजीबाईंनी त्यांना गर्विष्ठ ठरवलं. हट्टी म्हटलं. मनोरमेला काय शिकवायचं यावरही दोघींचं भांडण झालं. जे आपल्याला स्वतःला पटलेलं नाही ते मुलीला शिकवू नका, असं आईने ठामपणे कळवलं.

चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा मार्ग वेगळा होता. त्याही श्रद्धाळू ख्रिस्ती, त्यांनाही रमाबाईंनी त्रैक्य मानावं असंच वाटत होतं. पण त्या रमाबाईंना मोठमोठी पत्रं लिहीत, शंका ऐकून घेत, आपल्याला काय वाटतं ते सांगत आणि मग थांबत. वाँटेजलाही त्यांनी समजावलं की या बाईला धीराने घ्या, दाबून काही होणार नाही. ज्यांना घरात किंवा वर्गात मुलांना काही शिकवायचं असतं, त्या आम्हा सगळ्यांना बीलबाईंचा हा धीर जमतोच असं नाही. शनिवारी सकाळी तर मुळीच नाही.

आम्हाला आजीबाईंना खलनायिका करायचं नाही. उलट त्यांची एक गोष्ट फार मोलाची वाटते. रमाबाईंची सगळी पत्रं, त्यांच्याशी भांडणारीसुद्धा, त्यांनी जपून ठेवली, क्रमाने लावली. कडक बाई होत्या, पण लपवाछपवी करणाऱ्या नव्हत्या. १९७७ साली अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने ती पत्रं इंग्रजीत छापली, म्हणून हे सगळं आज आपल्याला वाचता येतं.

१८८६ साली रमाबाई अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या त्या समारंभाला. तिथे त्यांनी व्याख्यानं दिली, १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवरचं इंग्रजी पुस्तक काढलं आणि पैसा उभा केला. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन उघडलं. आरंभी विद्यार्थिनी दोन! पहिल्या मुलींपैकी एक होत्या गोदूबाई; पुढे १८९३ मध्ये महर्षी कर्व्यांशी लग्न होऊन त्या आनंदीबाई कर्वे झाल्या.

स्वतःच्या हातात अधिकार आल्यावर रमाबाईंनी काय केलं? शारदा सदनात कोणावर धर्माची सक्ती नाही, असा नियम. मुलींनी आपले सोवळ्याचे नियम पाळावेत, वाटलं तर पूजा करावी. रमाबाई स्वतः रोज मुलीबरोबर प्रार्थना करत आणि दार लावून घेत नसत. कोणाला येऊन बसायचं तर बसा. यातूनच वादळ उठलं. सदन १८९० मध्ये पुण्याला आलं होतं. मुली प्रार्थनेला बसू लागल्या, काहींचा कल ख्रिस्ती धर्माकडे झाला. केसरीने टीकेची झोड उठवली. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर अशा सल्लागारांनी राजीनामे दिले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. (जोतीराव फुले यांनी मात्र ही वेळ यायच्या आधीच, १८८५ मध्ये, सत्सार मधून रमाबाईंची बाजू घेतली होती.) दार उघडं ठेवणं ही सक्ती की मोकळीक? पालकांनी यावर घरी जरूर बोलावं. मुलींच्या आईबापांनी विश्वासाने पाठवलं होतं, हेही विसरू नये.

मग १८९६-९७ चा दुष्काळ. रमाबाईंनी लहानपणी असा दुष्काळ भोगला होता. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो उपाशी मुली व विधवा घेऊन आल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग होता. १८९७ मध्ये त्यांनी मुंबईच्या एका इंग्रजी ख्रिस्ती पत्रात सरकारच्या प्लेगच्या छावण्यांत बायकांचे कसे हाल होतात ते उघडपणे लिहिलं. राज्यपालांनी ते खोटं ठरवलं. ख्रिस्ती सरकारला एका ख्रिस्ती बाईने असं सुनावणं बऱ्याच मिशनऱ्यांना आवडलं नसणार. रमाबाईंनी पर्वा केली नाही.

या मुलींसाठी पुण्यापासून दौंडच्या वाटेवर केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. शेती, दूध, विणकाम, छापखाना, सगळं बायकांच्या हातात. टाकलेल्या बायकांसाठी कृपा सदन निघालं. मनोरमाबाईंनी ब्रेल लिपी शिकून आंधळ्या मुलींची शाळा चालवली. सदन कुठल्याही एका पंथाच्या ताब्यात रमाबाईंनी दिलं नाही. वाँटेज त्या विसरल्या नव्हत्या.

पण एक गोष्ट आम्ही झाकणार नाही. अमेरिकेतल्या मदतनीसांशी केलेला दहा वर्षांचा करार १८९८ मध्ये संपला, आणि त्यानंतर मुक्तीत ख्रिस्ती शिकवण उघडपणे, सगळ्यांना दिली जाऊ लागली. जिला अन्नासाठी दुसरं दारच नाही अशा पोरक्या मुलीला नको म्हणता येतं का? आपल्या मनोरमेसाठी आजीबाईंशी भांडलेल्या आईने हा प्रश्न स्वतःला किती विचारला, ते त्यांच्या लिहिण्यात आम्हाला फारसं सापडत नाही. त्यांचे टीकाकार तो विचारत राहिले, आणि त्यांचं सगळंच चुकीचं होतं असं आम्हाला म्हणवत नाही. तरी त्यांनी दारात आलेल्या कोणाला जात, पूर्वीचं आयुष्य, आजार पाहून परत पाठवलं नाही, हेही तितकंच खरं.

शेवटची वर्षं त्यांनी एकाच कामाला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणलं. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरं येणाऱ्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत. एवढी संस्कृत पंडिता, पण संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले! अक्षरं जुळवायला मुक्तीतल्याच मुली. १९२१ च्या जुलैत मनोरमा वारली. रमाबाईंनी काम सोडलं नाही. भाषांतर पुरं झालं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी डोळे मिटले.

केडगावचं मुक्ती मिशन आजही चालू आहे. पुण्याहून दौंडला जाणाऱ्या गाडीच्या वाटेवर केडगाव स्टेशन लागतं. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्यांनी पाहून यावं, आणि एखाद्या विद्यार्थ्याने पुढच्या अंकासाठी त्यावर चार ओळी लिहून द्याव्यात. वाँटेज तर आपल्याला मोटारीने जाण्यासारखं आहे.