कर्णा ते मायक्रोफोन: अब्दुल करीम खाँ यांच्या आवाजाचा प्रवास

किराणा घराण्याचे अध्वर्यू उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा आवाज दोनदा यंत्रासमोर आला. पहिल्यांदा विसाव्या शतकाच्या आरंभी, 1905च्या सुमारास आणि दुसऱ्यांदा आयुष्याच्या अखेरच्या पर्वात, 1930च्या दशकात. या दोन प्रसंगांच्या दरम्यान ध्वनिमुद्रणाची पद्धतच बदलून गेली होती. कर्ण्याच्या जागी मायक्रोफोन आला होता. खाँसाहेबांचे जे गाणे आज ऐकायला मिळते आणि ज्यावर किराणा गायकीच्या पुढच्या पिढ्या पोसल्या, ते मुख्यतः या दुसऱ्या खेपेचे आहे.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म 11 नोव्हेंबर 1872 रोजी उत्तर प्रदेशातील कैराना येथे झाला. घराण्याला मिळालेले किराणा हे नाव याच गावाचे. वडील काले खाँ यांच्याकडून आणि घरातील इतर वडीलधाऱ्यांकडून त्यांना गायनाची आणि सारंगीची तालीम मिळाली. तरुणपणीच ते बडोदा संस्थानच्या दरबारात दाखल झाले. तेथील सरदार माने यांच्या कन्या ताराबाई त्यांच्याकडे गाणे शिकत. त्या दोघांनी विवाह केला आणि बडोदे सोडले. यानंतर खाँसाहेबांचे आयुष्य मुंबई, मिरज, बेळगाव, पुणे या पट्ट्यात गेले. उत्तरेतून आलेले हे घराणे महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात रुजले त्याचे मूळ या स्थलांतरात आहे.

कर्ण्यासमोरचे गाणे

भारतात व्यापारी ध्वनिमुद्रणाला 1902 साली कोलकात्यात सुरुवात झाली. गौहरजान यांच्या तबकड्या त्याच वर्षीच्या. त्या काळात गाणे संपताच कलावंत मोठ्याने आपले नाव सांगत असे. मेणाच्या मूळ चकत्या जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि छापील तबकड्या तेथून परत येत. परदेशातील कामगारांना गायक ओळखता यावा, हा या नामोच्चाराचा एक उपयोग होता. केवळ यंत्रासाठी उच्चारलेला बोलका शब्द भारतात असा गाण्याच्या शेपटाला धरून आला. आजच्या निवेदकांचे आणि जाहिरातींना आवाज देणाऱ्या कलावंतांचे नाते शोधायचे तर ते तिथपर्यंत नेता येईल.

हे ध्वनिमुद्रण विजेशिवाय होत असे. गायकाने मोठ्या कर्ण्याच्या तोंडाशी तोंड नेऊन गायचे, आवाजाच्या दाबाने कर्ण्याच्या टोकाचा पडदा हलायचा आणि त्याला जोडलेली सुई फिरत्या मेणावर रेघ कोरायची. आवाज वाढवण्याची कोणतीही सोय नव्हती. जो जोर लागायचा तो गळ्याचाच. हळू गायले तर मेणावर काही उमटत नसे आणि एकदम जोरात गायले तर सुई रेघ सोडण्याचा धोका असे. म्हणून तार सप्तकात जाताना गायकाला मागे सरकावे लागे आणि खाली येताना पुन्हा कर्ण्यात डोके घालावे लागे. पुष्कळदा हे काम मागे उभा असलेला तंत्रज्ञच गायकाचे खांदे धरून करीत असे.

या पद्धतीत सुमारे 168 ते 2,000 हर्ट्‌झपर्यंतचेच ध्वनी नीट पकडले जात. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातील खर्जाची तार या मर्यादेच्या बरीच खाली वाजते. जवारीतून निघणाऱ्या वरच्या स्वयंभू स्वरांचाही मोठा भाग या मर्यादेबाहेर राहतो. म्हणजे तंबोऱ्याचा पाया आणि त्याची झळाळी, दोन्ही मेणापर्यंत पोहोचतच नव्हती.

ज्या गायकाचे सारे गाणे तंबोऱ्याशी मिळून गेलेल्या स्वरावर उभे आहे, त्याच्यासाठी ही अट जाचकच म्हणावी लागेल. अब्दुल करीम खाँ यांचा आवाज बारीक, टोकदार आणि वरच्या पट्टीचा होता. गर्जना हा त्यांच्या गाण्याचा धर्म नव्हता. एका स्वरावर दीर्घ काळ थांबणे, त्याला चिकटलेल्या श्रुती दाखवणे आणि आवाजाचे आकारमान न बदलता पुढच्या स्वराकडे सरकणे, हे त्यांचे बलस्थान होते. कर्ण्याला नेमके हेच ऐकू येत नसे. आरंभीच्या त्या तबकड्यांत खाँसाहेब ओळखू येतात, पण त्यांचा अवकाश ओळखू येत नाही. यानंतर ते दीर्घकाळ ध्वनिमुद्रणापासून दूरच राहिले.

श्रुतींचा शोध

मधली वर्षे रिकामी नव्हती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि ब्रिटिश सनदी अधिकारी ई. क्लेमंट्स यांनी भारतीय संगीतातील 22 श्रुतींचे मोजमाप करण्याचे काम हाती घेतले होते. त्यासाठी प्रमाण मानला गेला तो अब्दुल करीम खाँ यांचा गळा. त्या आधारे तयार झालेली श्रुती हार्मोनियम 1916च्या बडोदे येथील संगीत परिषदेत मांडण्यात आली. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्यासह अनेकांना ती पटली नाही आणि तो प्रयोग मागे पडला. वादात कोणाची बाजू बरोबर होती हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी मोजमापासाठी विश्वासाने पुढे करता येईल इतका स्थिर स्वर त्या काळी या गळ्यात होता, एवढे त्यातून निश्चित होते.

पुण्यात त्यांनी 1913 मध्ये आर्य संगीत विद्यालय सुरू केले. गरीब मुलांना तेथे राहून शिकता येत असे. विद्यालयाचा खर्च मैफिलींतून आणि शिष्यांच्या जलशांतून निघे. पुढे ताराबाईंशी त्यांचे बिनसले आणि 1922 च्या सुमारास त्या मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. सुरेशबाबू माने, हिराबाई बडोदेकर, कमलाबाई, सरस्वती राणे ही मुले वडिलांच्या नावाशिवाय वाढली. खाँसाहेब मिरजेत स्थायिक झाले. एका आजारातून ते येथील मीरासाहेब दर्ग्यात सेवा करून बरे झाले होते, अशी त्यांची श्रद्धा होती. तंबोरे घडविणाऱ्या कारागिरांचे हे गाव त्यांच्यासारख्या तंबोऱ्याच्या वेड्याला मानवले यात नवल नाही.

दक्षिणेची वाटही याच काळात रुंदावली. आज बेंगळुरू ज्या राज्याची राजधानी आहे, त्या प्रदेशाशी खाँसाहेबांचा संबंध जुना. म्हैसूर दरबारात त्यांचे जाणे-येणे असे आणि त्या दरबाराने त्यांना संगीतरत्न ही पदवी दिली. मिरजेहून म्हैसूरला जाताना धारवाड, हुबळी, कुंदगोळ हे मुक्काम ठरलेले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व, त्यांना याच वाटेवर मिळाले. कर्नाटक संगीताच्या सहवासातून त्यांच्या गाण्यात सरगम आली. त्यागराजांच्या कृती त्यांनी अभ्यासल्या आणि पुढे तबकडीवरही गायल्या. हिंदुस्थानी गायकाने असे करणे तेव्हा अपवादात्मक होते.

माईकसमोरची बैठक

विद्युत ध्वनिमुद्रणाची पद्धत पाश्चात्त्य देशांत 1925 मध्ये आली आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात भारतात पोहोचली. आता आवाजाची कंपने मायक्रोफोनमध्ये विजेच्या लहरींत बदलत आणि त्या लहरी यंत्राने मोठ्या करता येत. ध्वनीचा आवाका सुमारे 100 ते 5,000 हर्ट्‌झपर्यंत वाढला. गायकाचा जोर आणि तबकडीवरचा जोर यांची ताटातूट झाली. कुजबुजसुद्धा आता लोकांपर्यंत पोहोचू शकत होती.

मात्र माईकने काही नव्या अटीही घातल्या. तोंड आणि माईक यांतील अंतर सारखे राहिले पाहिजे, कारण वीतभर पुढे-मागे झाले तरी आवाजाचा पोत बदलतो. प, फ, भ यांसारख्या ओष्ठ्य व्यंजनांबरोबर सुटणारा वारा पडद्यावर आदळतो आणि धप्प असा आवाज उमटतो. श्वास घेतल्याचे ऐकू येते. कर्ण्यासमोर ओरडण्याची सवय झालेल्या अनेक नामवंतांचे गाणे माईकपुढे कर्कश झाले. आज वृत्तपटाला किंवा जाहिरातीला आवाज देणाऱ्या कलावंतांना पहिल्या दिवशी जे शिकवतात, ते हेच: अंतर राखा, श्वास लपवा, ओठांचा वारा माईकच्या बाजूने जाऊ द्या आणि आवाज रेटू नका.

अब्दुल करीम खाँ यांना हे वेगळे शिकावे लागले नसावे. वयाच्या साठीत त्यांनी ओडियन कंपनीसाठी गायलेल्या तबकड्या ऐकल्या की हे लक्षात येते. झिंझोटीतील ठुमरी, बसंत, शुद्ध कल्याण, भैरवी, जोगिया. प्रत्येक तबकडी तीन-साडेतीन मिनिटांची. आवाज पहिल्या षड्‌जापासून शेवटपर्यंत एका पातळीवर राहतो. तार षड्‌जावर जातानाही तो अंगावर येत नाही. श्वास कोठे घेतला ते सहसा कळत नाही. आणि मागे तंबोरा ऐकू येतो. मैफिलीत ज्या बढतीला तास लागे, तिचा अर्क या मिनिटांत बसवताना कोठेही घाई जाणवत नाही. तेव्हा तबकडी एका दमात कोरली जाई, चूक झाल्यास जोडकाम करण्याची सोय नव्हती, हे लक्षात घेतले तर या स्वस्थतेचे मोल वाढते.

त्यांच्या गाण्यावरचा एक आक्षेप मात्र माईकने झाकला नाही, उलट तो स्पष्ट केला. शब्दोच्चाराकडे त्यांचे लक्ष कमी असे. बंदिशीतील अक्षरे स्वरात विरघळून जातात आणि ओळख नसेल तर शब्द कळत नाहीत. मराठी नाट्यपदांच्या त्यांच्या तबकड्यांत हे विशेष जाणवते. 'मानापमान' मधील पदे त्यांनी गायली तेव्हा मराठी श्रोत्यांनी ती आनंदाने ऐकली, पण ती ऐकली स्वरांसाठी.

या तबकड्यांचा परिणाम दूरवर झाला. कुंदनलाल सैगल यांनी 1935च्या 'देवदास' चित्रपटात हीच झिंझोटीची ठुमरी आपल्या पद्धतीने गायली. गदगमधील एका शाळकरी मुलाने हीच ठुमरी तबकडीवर ऐकली आणि तसे गाता यावे म्हणून घर सोडले. तो मुलगा म्हणजे पंडित भीमसेन जोशी. खाँसाहेबांकडे शिकण्याचा योग त्यांना आला नाही. ते सवाई गंधर्वांकडे गेले.

दुरावलेल्या मुलांचे गाणेही माईकच्याच युगात बहरले. हिराबाईंचा मृदू, रेशमी आवाज तबकड्या आणि आकाशवाणी यांतून घरोघरी पोहोचला. सरस्वती राणे पार्श्वगायनाच्या आरंभीच्या काळातील आघाडीच्या गायिका ठरल्या आणि 1943च्या 'रामराज्य' चित्रपटातील त्यांचे गीत देशभर गाजले. आवाज न रेटण्याची वडिलांची रीत या मुलांमध्ये उतरली होती. त्यांची आरंभीची तालीम वडिलांकडे झाली होती आणि ती घर मोडल्यावरही टिकली.

ऑक्टोबर 1937 मध्ये खाँसाहेब मद्रासला गेले होते. तेथून पाँडिचेरीला जाताना गाडीत त्यांच्या छातीत दुखू लागले. सिंगपेरुमाळ कोईल या लहानशा स्थानकावर ते उतरले. फलाटावर बिछाना घालून त्यांनी तंबोरा जुळवायला लावला आणि दरबारी रागात प्रार्थना गायली, असे सांगितले जाते. 27 ऑक्टोबर 1937 रोजी तेथेच त्यांचे निधन झाले. पार्थिव मिरजेला आणून मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आले. तेथे दरवर्षी उरुसाच्या निमित्ताने देशभरातील गायक-वादक हजेरी लावतात.

जुन्या तबकड्यांचे जतन आता संगणकावर होते. बेंगळुरूमध्ये आर्काइव्ह ऑफ इंडियन म्युझिक ही संस्था अशा ध्वनिमुद्रिकांचे अंकीकरण करते आणि मुंबईतील संग्राहकांनीही या क्षेत्रात मोठे काम केले आहे. अशा कामात एक अडचण वारंवार येते. जुन्या तबकड्या 78 फेऱ्यांच्या म्हणून ओळखल्या जात असल्या, तरी प्रत्यक्षात त्या नेमक्या त्याच वेगाने कोरलेल्या असतीलच असे नाही. वेग थोडा वाढला तरी पट्टी चढते आणि आवाज अधिक बारीक होतो. श्रुतींचे प्रमाण म्हणून ज्यांचा गळा घेतला गेला, त्या खाँसाहेबांचा षड्‌ज तबकडीवरून ठरवायचा तर आधी तबकडी किती वेगाने फिरवायची, हे ठरवावे लागते.