पंडिता रमाबाई : ख्रिस्ती जीवनातील थोरवीचा अर्थ

ख्रिस्ती धर्मविचारातील थोरवीची कल्पना लौकिक प्रतिष्ठेच्या कल्पनेच्या नेमकी उलट आहे. ज्याला थोर व्हायचे असेल त्याने सर्वांचा सेवक व्हावे, असा शुभवर्तमानांतील येशूच्या शिकवणुकीचा आशय आहे. ही शिकवण उच्चारणे सोपे. परंतु विद्वत्तेचा मान ज्याला आधीच लाभला आहे त्याने ती आचरणात आणणे अवघड. या दृष्टीने पंडिता रमाबाईंचे (१८५८-१९२२) चरित्र विशेष अभ्यसनीय ठरते. त्यांच्या समाजकार्याची आणि धर्मांतराची चर्चा पुष्कळ झाली आहे. विद्वत्ता आणि सेवा यांचा त्यांच्या जीवनात कसा संबंध आला, आणि त्याचा त्यांच्या मराठी लेखनावर काय परिणाम झाला, हा प्रश्न मात्र स्वतंत्र विचाराची अपेक्षा करतो.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न संस्कृत पंडित होते. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये हा तत्कालीन दंडक मोडून त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना ती भाषा शिकवली आणि लक्ष्मीबाईंनी ती कन्येला दिली. पुढे हे कुटुंब तीर्थाटन करीत, पुराणे सांगत हिंडत राहिले. १८७०च्या दशकातील दुष्काळाच्या काळात रमाबाईंचे वडील, आई आणि थोरली बहीण ही सर्व निवर्तली. बंधू श्रीनिवास यांच्यासह त्या पायी भटकत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांच्या संस्कृत ज्ञानाने चकित होऊन त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ही बिरुदे दिली. वयाच्या विसाव्या वर्षी त्यांना अखिल भारतीय कीर्ती लाभली. उपासमारीची आठवण आणि पांडित्याचा गौरव या दोन अनुभवांची सांगड त्यांच्या मनात कायमची बसली, हे पुढील घटनांवरून दिसून येते.

१८८० साली बंधूंचा मृत्यू झाला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी आंतरजातीय विवाह केला. १८८१ मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि १८८२च्या प्रारंभी पतीही पटकीने गेले. त्यानंतर पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली, ‘स्त्रीधर्मनीति’ (१८८२) हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रीशिक्षणाची व स्त्रीवैद्यांची गरज प्रतिपादिली. वैद्यकीच्या अभ्यासासाठी १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या. परंतु बहिरेपणामुळे तो मार्ग बंद झाला.

इंग्लंडमध्ये त्यांचा मुक्काम वाँटेज येथील मठवासी भगिनींकडे होता. त्याच काळात या भगिनींनी समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी लंडनमध्ये चालविलेले आश्रयगृह त्यांनी पाहिले. पतित म्हणून हिणवल्या गेलेल्या स्त्रियांची सेवा धर्मकृत्य म्हणून केली जाते, हे दृश्य त्यांना नवे होते. येशू आणि शोमरोनी स्त्री यांच्या भेटीच्या कथेचा अर्थ त्यांना या सेवेत उलगडला. सप्टेंबर १८८३ मध्ये त्यांनी कन्येसह बाप्तिस्मा घेतला. रमाबाईंच्या ख्रिस्तनिष्ठेचा उगम तत्त्वचर्चेइतकाच, किंबहुना तिच्याहून अधिक, सेवेच्या दर्शनात आहे, ही गोष्ट त्यांच्या चरित्राच्या आकलनासाठी महत्त्वाची ठरते.

मात्र सेवकत्व म्हणजे निमूट आज्ञापालन, असा अर्थ त्यांनी कधीही स्वीकारला नाही. चेल्टनहॅम येथील महाविद्यालयात त्या असताना त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकविण्यास धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी तिला स्पष्ट विरोध केला. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात मतस्वातंत्र्याचा आग्रह पदोपदी आढळतो. जेराल्डीन यांना त्यात अहंकार दिसला. नम्रता आणि परवशता यांतील भेद येथे विचारात घ्यावा लागतो. दुर्बलांपुढे वाकणारी ही स्त्री सत्तेपुढे वाकत नव्हती. आणि या दोन्ही गोष्टी तिच्या दृष्टीने एकाच निष्ठेतून उद्भवलेल्या होत्या.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेस गेल्या. ‘द हाय-कास्ट हिंदू वुमन’ (१८८७) या इंग्रजी ग्रंथाने त्यांना तेथे मोठी सहानुभूती मिळवून दिली. मायदेशी परतून मार्च १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले. पुढे ते पुण्यास हलविण्यात आले. याच सुमारास ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ (१८८९) हे पुस्तक प्रसिद्ध झाले. चौकस निरीक्षण, नर्मविनोद आणि ओघवते गद्य या गुणांमुळे एकोणिसाव्या शतकातील मराठी प्रवासलेखनात त्याचे स्थान वरचे आहे.

शारदा सदनात कोणावरही धर्म लादला जाणार नाही, असे रमाबाईंचे वचन होते. परंतु त्यांच्या खाजगी प्रार्थनेस काही मुली बसू लागल्या. १८९३ साली यावरून पुण्यात वादळ उठले. ‘केसरी’ने टीकेची झोड उठविली, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पालकांचा विश्वास आणि रमाबाईंचे धर्मस्वातंत्र्य या दोहोंचा येथे खरा संघर्ष होता; टीकाकारांची शंका केवळ द्वेषमूलक होती असे म्हणता येत नाही. त्याच वर्षी सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला, हेही विसरता येत नाही. या वादात रमाबाईंनी पुणेरी सुशिक्षितांतील आपली प्रतिष्ठा गमावली आणि ती परत मिळविण्याचा प्रयत्नही केला नाही.

१८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवा यांना घेऊन परतल्या. पुण्याजवळील केडगाव येथे ‘मुक्ती’ उभी राहिली. १९००च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि आश्रितांची संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शारदा सदनाच्या आरंभकाळी मुख्यत्वे उच्चवर्णीय विधवा डोळ्यांसमोर होत्या. केडगावात जातीचा प्रश्न उरला नाही. अंध, वृद्ध आणि पतित ठरविलेल्या स्त्रियांनाही तेथे आसरा मिळाला. शेती, विणकाम, मुद्रण असे व्यवसाय त्या शिकू लागल्या.

याच केडगावात रमाबाईंनी आयुष्याची अखेरची सुमारे अठरा वर्षे बायबलच्या मराठी भाषांतराला दिली. मराठीत पूर्वीची भाषांतरे उपलब्ध होतीच. तथापि त्यांतील संस्कृतप्रचुर शब्दकळा सामान्य स्त्रियांना दुर्बोध वाटते आणि काही संज्ञांना हिंदू तत्त्वज्ञानातील अर्थच्छटा चिकटलेल्या आहेत, असे त्यांचे मत होते. म्हणून उतारवयात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला. ज्या स्त्रीची ख्याती संस्कृतावर उभी होती, तिने खेड्यातील अल्पशिक्षित बाईला कळावे म्हणून त्याच संस्कृताचा भार उतरवून ठेवला. मुक्तीच्या छापखान्यात आश्रित स्त्रियांनीच खिळे जुळविले, पाने छापली आणि बांधणी केली.

वाङ्मयीन दृष्टीने या भाषांतराचे मूल्यमापन सोपे नाही. मूळ शब्दाशी काटेकोर इमान राखण्याच्या आग्रहामुळे वाक्यरचना अनेक ठिकाणी अवघडली आहे आणि प्रवासवृत्तातील सहजता येथे क्वचितच आढळते. हे भाषांतर मराठी मंडळ्यांत सर्वत्र रूढही झाले नाही. प्रवासवृत्ताची लेखिका ललित गद्याकडे पुन्हा वळली नाही, ही मराठी साहित्याची हानी होय, असे मानण्यास जागा आहे. पण हा हिशोब साहित्याच्या बाजूचा झाला. रमाबाईंनी वाचकवर्ग निवडला तो पंडितांच्या सभेबाहेरचा. आणि त्या निवडीची किंमत शैलीच्या रूपाने मोजली.

१९१९ साली त्यांना कैसर-ए-हिंद पदक मिळाले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई निवर्तल्या. उत्तराधिकारी म्हणून जिच्याकडे पाहावे ती कन्या गेल्यावरही भाषांतराचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे केडगाव येथे निधन झाले. संपूर्ण बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. कलकत्त्याने दिलेले ‘पंडिता’ हे बिरुद त्यांच्या नावापासून कधी वेगळे झाले नाही. केडगावने त्याचा अर्थ मात्र बदलला. सभेत जिंकण्यासाठी मिळविलेली विद्या दुष्काळातून वाचलेल्या मुलींच्या पानात वाढली गेली, आणि ख्रिस्ती जीवनातील थोरवीचा जो अर्थ रमाबाईंनी स्वीकारला तो याच कृतीत शोधावा लागतो.