कागदाचा जनक त्साय लुन

होकायंत्र, बंदुकीची दारू, मुद्रणकला आणि कागद हे प्राचीन चीनने जगाला दिलेले चार महान शोध मानले जातात. त्यांपैकी कागदाशी त्साय लुन याचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

आजच्या हुनान प्रांतातील लेयांग येथे इसवी सनाच्या पहिल्या शतकात त्याचा जन्म झाला. इ. स. ७५ च्या सुमारास तो हान सम्राटांच्या राजवाड्यात खोजा म्हणून सेवेस लागला. हुशारीच्या बळावर तो चढत गेला. पण दरबारी कारस्थानांपासून अलिप्त राहिला नाही. सम्राज्ञी दोऊ हिने आपल्या सवतीवर जादूटोण्याचा आळ घेतला, तेव्हा तिच्या चौकशीचे काम त्यानेच केले. त्या राणीने इ. स. ८२ मध्ये विष घेऊन जीवन संपविले.

पुढे शाही कारखान्यांची देखरेख त्याच्याकडे आली. तेथे तयार होणारी शस्त्रे व उपकरणे त्यांच्या उत्तम घडणीसाठी नावाजली गेली. त्या काळी लेखन बांबूच्या पट्ट्यांवर किंवा रेशमी वस्त्रावर होई. बांबू जड, तर रेशीम महाग. त्साय लुनने झाडाची साल, तागासारख्या धाग्यांचा चोथा, जुन्या चिंध्या आणि मासेमारीची फाटकी जाळी यांपासून कागद बनविला आणि इ. स. १०५ मध्ये सम्राटापुढे सादर केला. टाकाऊ वस्तूंतून लेखनाचे स्वस्त साधन हाती आले. कागद त्यापूर्वीही होता. गान्सू प्रांतातील फांगमातान येथे १९८६ मध्ये इसवी सनापूर्वीच्या कागदाचा तुकडा सापडला आहे. मात्र, त्याची कृती सुधारून प्रसार घडविण्याचे श्रेय त्साय लुनकडेच जाते.

मौल्यवान नजराणे नाकारून प्रांतांकडून केवळ कागद आणि शाई स्वीकारणारी सम्राज्ञी देंग ही त्याची आश्रयदाती होती. इ. स. ११४ मध्ये त्याला सरदारकी मिळाली. परंतु, १२१ मध्ये तिचे निधन झाले आणि सत्तेची सूत्रे सम्राट आन याच्या हाती गेली. विष घेतलेली ती राणी या सम्राटाची आजी होती. त्साय लुनला न्यायाधिकाऱ्यांपुढे हजर होण्याचा हुकूम सुटला. अपमान टाळण्यासाठी त्याने स्नान केले, उंची वस्त्रे परिधान केली आणि विषाचा प्याला घेतला.

त्याचा कागद मात्र पुढे जात राहिला. आठव्या शतकात तो समरकंद व बगदादला, बाराव्या शतकापर्यंत स्पेनला आणि तेराव्या शतकात इटलीतील फाब्रियानोला पोहोचला. मराठीतील 'कागद' हा शब्द फारसीतून आला, तर दौलताबादजवळच्या कागजीपुरा या गावाने हातकागदाची परंपरा जपली. ज्ञान मूठभरांच्या हातून बहुतांपर्यंत नेणारे हे साधन घडविणारा माणूस निष्कलंक नव्हता. पाचव्या शतकात लिहिल्या गेलेल्या हान घराण्याच्या इतिहासात त्याच्या कर्तृत्वाबरोबर त्याच्या अपराधाचीही नोंद आहे.