कर्करोगाचा नकाशा आखणारे डॉ. खानोलकर

भिलाई : दुर्ग-भिलाईहून मुंबई सुमारे 1,100 किलोमीटर. या पोलादनगरीत सेक्टर 9 चे मोठे रुग्णालय आहे, शेजारच्या रायपुरात कर्करोग केंद्रही आहे. तरीही परळची वाट धरणारे रुग्ण आहेतच. देशाला अशी केंद्रे किती व कोठे हवीत, याचा विचार करताना डॉ. वसंत रामजी खानोलकर यांचे स्मरण अपरिहार्य ठरते.

क्वेट्टा येथे 1895 मध्ये जन्मलेले खानोलकर लंडन विद्यापीठातून विकृतिशास्त्राचे एम.डी. होऊन परतले. 1941 मध्ये टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले आणि तेथील प्रयोगशाळांची धुरा त्यांच्याकडे आली. हिंदुस्थानात कर्करोग विरळाच, असा समज तेव्हा रूढ होता. खानोलकरांनी रोगाचा संबंध रुग्णाच्या प्रांताशी, समाजाशी आणि सवयींशी ताडून पाहिला. तंबाखू-पान चघळणाऱ्यांत तोंडाचा कर्करोग, तर कमरेला धोतर घट्ट आवळणाऱ्यांत त्याच जागी त्वचेचा. रोग सर्वत्र सारखा नसेल, तर उपचार केंद्रांची संख्या निव्वळ लोकसंख्येच्या भागाकाराने ठरत नाही. त्यांच्या कामातून निघणारे हे अनुमान नियोजकांच्या अद्याप पुरते पचनी पडलेले दिसत नाही.

1952 मध्ये स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे ते पहिले संचालक. पुढे पद्मभूषण आणि मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपदही लाभले. 1978 मध्ये त्यांचे निधन झाले.

राष्ट्रीय कर्करोग नोंदणी 1982 मध्ये कार्यान्वित झाली. लोकसंख्येवर आधारित नोंदणीसाठी आरंभी मुंबई, बंगळूर व मद्रास ही तीनच शहरे निवडली गेली. भिलाई त्यांत नव्हती.