लुई पाश्चर : साधारण शेऱ्याचा विद्यार्थी

रेबीजच्या लसीमुळे लुई पाश्चर (१८२२-१८९५) तुम्हांस ठाऊक आहेतच. फ्रान्समध्ये कातडी कमावणाऱ्याच्या घरी ते जन्मले. १८४२ च्या परीक्षेत रसायनशास्त्रात त्यांना शेरा मिळाला तो साधारण असा! पण १८४८ साली टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक चिमट्याने एकेक वेचून त्यांनी अनुमान काढले, की त्याचे रेणू उजव्या-डाव्या हातांप्रमाणे दोन घडणींचे असतात. पुढे बुरशी त्यांतील एकच घडण संपवते, हेही त्यांना दिसले. ही निवड बुरशीतील विकरे, म्हणजे निसर्गाचे उत्प्रेरक, करतात. औषधे योग्य घडणीची व्हावीत म्हणून असे उत्प्रेरक पुढे माणसाने बनवले. त्याबद्दल २००१ व २०२१ साली नोबेल पारितोषिके मिळाली. पालकहो, एका शेऱ्यावरून मुलाची शाळा सोडवू नका.