कोबीच्या मळ्यात पडलेले रॉकेट

१६ मार्च १९२६. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ऑबर्न येथे एफी वॉर्ड या नातलग बाईंच्या शेतावर बर्फ पसरले होते. प्रा. रॉबर्ट हचिंग्ज गोडार्ड यांनी तेथे पेट्रोल आणि द्रवरूप ऑक्सिजन भरलेला, माणसाहून उंच असा एक सांगाडा उभा केला होता. तो पेटला, ४१ फूट उंच गेला आणि अडीच सेकंदांत १८४ फुटांवर कोबीच्या मळ्यात आदळला. पत्नी एस्थर चित्रीकरणासाठी सज्ज होत्या. पण त्यांचा किल्लीचा कॅमेरा प्रत्यक्ष उड्डाणाआधीच थांबला. जगातील पहिल्या द्रव-इंधन रॉकेटची भरारी त्यामुळे चित्रफितीवर उतरलीच नाही.

गोडार्ड यांचा जन्म १८८२ मध्ये वूस्टर येथे झाला. १७ वर्षांचे असताना ते चेरीच्या झाडावर चढले होते. तेथे मंगळापर्यंत जाणाऱ्या यानाची कल्पना त्यांच्या मनात आली. १९ ऑक्टोबर हा तो दिवस त्यांनी पुढे आयुष्यभर पाळला. १९१३ मध्ये क्षयाने त्यांना गाठले. डॉक्टरांनी आशा सोडली होती, पण ते बरे झाले आणि १९१४ मध्ये बहुटप्पा रॉकेट व द्रव-इंधन रॉकेट अशा दोन कल्पनांची पेटंट त्यांनी मिळविली. विद्युतभारित वायूच्या झोताने यान ढकलण्याचा विचारही त्यांनी तरुणपणीच टिपून ठेवला होता. अशा झोताच्या निर्मितीचे पेटंट त्यांना १९२० मध्ये मिळाले. आयन इंजिनाची अवकाशातील चाचणी मात्र १९६४ मध्ये झाली.

स्मिथसोनियन संस्थेने दिलेल्या ५ हजार डॉलरच्या साह्यातून चाललेल्या प्रयोगांवर त्यांचा प्रबंध प्रसिद्ध झाला. रॉकेट चंद्रापर्यंत पोहोचविता येईल, असा उल्लेख त्यात ओघाने आला होता. वृत्तपत्रांनी नेमका तेवढाच उचलला. १३ जानेवारी १९२० रोजी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखातून त्यांची टवाळी केली. हवा नसताना रॉकेट कशाला रेटून पुढे जाणार, असा त्यातील आक्षेप होता. वास्तविक निर्वात नळीत रॉकेट जोर देते, हे गोडार्ड यांनी प्रयोगाने आधीच दाखविले होते. हा घाव त्यांच्या जिव्हारी लागला. मुळातच अबोल असलेला हा माणूस आणखी मिटला.

१९३० मध्ये ते न्यू मेक्सिकोतील रॉसवेलला गेले. वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्या शब्दामुळे गुगेनहाइम घराण्याचा पैसा मिळाला होता. जायरोस्कोप, झोतात बसविलेल्या दिशादर्शक पट्ट्या, ध्वनीहून अधिक वेग, हे सारे तेथील माळरानावर मोजक्या सहकाऱ्यांसह साधले गेले. निष्कर्ष मात्र ते सहसा कोणाला देत नसत. दरम्यान १९२३ मध्ये जर्मन भाषेत हर्मान ओबेर्थ यांचे अवकाशप्रवासावरील पुस्तक आले. आपल्या कल्पना उचलल्या गेल्या, असा संशय गोडार्ड यांना येत राहिला. महायुद्धाच्या अखेरीस हाती आलेल्या जर्मन व्ही-२ रॉकेटचे भाग पाहून तो अधिकच बळावला.

हा संशय पूर्णपणे खरा मानता येत नाही. ओबेर्थ यांनी त्यांचा प्रबंध मागवून घेतला होता, पेटंट तर सर्वांसाठी खुली होती. तरीही व्ही-२ चा विकास प्रामुख्याने जर्मन अभियंत्यांनी स्वतंत्रपणे केला. रशियात त्सिओल्कोव्स्की यांनी १९०३ मध्येच द्रव इंधनाचे गणित मांडले होते. पहिले प्रत्यक्ष उड्डाण गोडार्ड यांचेच. मात्र दडवून ठेवलेल्या ज्ञानाचा इतरांना उपयोग किती व्हावा?

१० ऑगस्ट १९४५ रोजी घशाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. एस्थर यांनी त्यांच्या वह्या चाळून नव्या पेटंटसाठी अर्ज केले. २१४ पैकी १३१ पेटंट मृत्यूनंतर मंजूर झाली. १९६० मध्ये अमेरिकी सरकारने त्यांच्या वापरापोटी एस्थर आणि गुगेनहाइम प्रतिष्ठान यांना १० लाख डॉलर मोजले. न्यूयॉर्क टाइम्सची दुरुस्ती १७ जुलै १९६९ रोजी, अपोलो ११ चंद्राच्या वाटेवर असताना, प्रसिद्ध झाली.