जुझेप्पे व्हेर्दी

जुझेप्पे व्हेर्दी (१० ऑक्टोबर १८१३ – २७ जानेवारी १९०१) हा एकोणिसाव्या शतकातील विख्यात इटालियन संगीतरचनाकार. ‘रिगोलेत्तो’ (१८५१), ‘इल त्रोव्हातोरे’ व ‘ला त्राव्हियाता’ (दोन्ही १८५३), ‘आयदा’ (१८७१) आणि ‘ओतेल्लो’ (१८८७) या त्याच्या ऑपेरांचे म्हणजे संगीतनाटकांचे प्रयोग आजही जगभर होतात. जर्मन ऑपेराचा थोर रचनाकार रिचर्ड वाग्नर याचा जन्मही १८१३ मधलाच.

बालपण

उत्तर इटलीतील बुस्सेतो या गावाजवळच्या ले रोंकोले या खेड्यात व्हेर्दीचा जन्म झाला. वडील कार्लो खानावळ चालवीत. तो प्रदेश तेव्हा नेपोलियनच्या साम्राज्यात असल्यामुळे जन्मनोंदीत मुलाचे नाव जोसेफ असे फ्रेंच वळणाने लिहिले गेले. नेपोलियनच्या पाडावानंतर तेथे पार्माची डची स्थापन झाली. सीमारेषांच्या या उलटापालटीचा परिणाम व्हेर्दीला पुढे विद्यार्थी म्हणून भोगावा लागला.

वडिलांनी त्याला स्पिनेट हे पियानोच्या जातीचे लहानसे जुने वाद्य आणून दिले होते. ते दुरुस्त करणाऱ्या कारागिराने मुलाची शिकण्याची ओढ पाहून मजुरी घेतली नाही. हे वाद्य व्हेर्दीने जन्मभर जपले. गावच्या चर्चमधील ऑर्गनवादकाकडे त्याचे प्राथमिक शिक्षण झाले आणि त्या गुरूच्या निधनानंतर कोवळ्या वयातच ती जागा त्याच्याकडे आली. पुढे बुस्सेतो येथे फेर्दिनांदो प्रोव्हेसी याने त्याला संगीत शिकविले, तर अंतोनियो बारेत्सी या संगीतवेड्या व्यापाऱ्याने त्याला आपल्या घरी आश्रय दिला.

मिलानमधील नकार

बुस्सेतोतील एका धर्मादाय संस्थेची शिष्यवृत्ती मंजूर झाली आणि जून १८३२ मध्ये व्हेर्दीने मिलानच्या कॉन्झर्वेटरीत, म्हणजे तेथील शासकीय संगीत विद्यालयात, प्रवेशासाठी अर्ज केला. तेथील नियमानुसार प्रवेशाची कमाल वयोमर्यादा १४ वर्षांची होती. व्हेर्दीला अठरावे सरून आठ महिने झाले होते. असामान्य गुणवत्तेच्या विद्यार्थ्यासाठी अपवाद करण्याची तरतूद होती आणि तिच्यावरच त्याची सारी भिस्त होती.

परीक्षेत पियानोचा अध्यापक अंतोनियो अंजेलेरी याने त्याच्या हाताची ठेवण सदोष ठरविली. या वयात ती सुधारणे अवघड, असा त्याचा अभिप्राय पडला. रचना तपासणारा विद्यालयाचा प्रमुख शिक्षक फ्रांचेस्को बासिली याचे मत मात्र अनुकूल होते. नीट अभ्यास केल्यास हा मुलगा यशस्वी होईल, असे त्याला वाटत होते. तरीही अर्ज फेटाळला गेला. जागा अपुऱ्या होत्या. शिवाय मिलान ऑस्ट्रियाच्या अमलाखाली असल्याने पार्माचा रहिवासी तेथे परदेशी ठरत होता. निव्वळ नियमांच्या दृष्टीने पाहिले तर विद्यालयाचा निर्णय चुकीचा म्हणता येत नाही; पण प्रतिभेसाठी ठेवलेला दरवाजा खऱ्या प्रतिभेपुढे उघडला नाही, हेही तितकेच खरे. व्हेर्दीला हा नकार कधीच विसरता आला नाही. तो अर्ज त्याने फेटाळला गेल्याची नोंद करून अखेरपर्यंत जपून ठेवला होता.

योगायोगांची मालिका

विद्यालयातील व्हायोलिनवादक आलेस्सांद्रो रोल्ला याच्या सल्ल्यावरून व्हेर्दी ला स्काला नाट्यगृहातील विन्चेन्झो लाविन्या याच्याकडे खासगी शिकवणीला जाऊ लागला. खर्चाचा भार बारेत्सीने उचलला. एकदा बासिली लाविन्याच्या घरी आला असता मोंझा येथील चर्चच्या जागेसाठी आलेल्या उमेदवारांविषयी तक्रार करू लागला. दिलेल्या स्वरविषयावर त्यांच्यापैकी एकालाही धड फ्यूग रचता आला नव्हता. लाविन्याने तोच विषय शेजारी बसलेल्या व्हेर्दीपुढे ठेवला आणि त्याने तो तेथल्या तेथे सोडवून दाखविला. हा प्रसंग स्वतः व्हेर्दीने उतारवयात सांगितलेला आहे. त्यामुळे त्यात थोडा रंग चढला असणे शक्य आहे.

दुसरा योगायोग १८३४ मधला. हायडनच्या ‘सृष्टी’ या रचनेच्या तालमीला ठरलेले संचालक आले नाहीत. ऐकायला आलेल्या व्हेर्दीला साथीस बसविण्यात आले. एका हाताने वाजवीत आणि दुसऱ्याने इशारे देत त्याने तालीम पार पाडली आणि प्रत्यक्ष प्रयोगाची जबाबदारीही त्याच्याकडेच आली. या ओळखीतून पुढे ‘ओबेर्तो’ हा त्याचा पहिला ऑपेरा १८३९ मध्ये ला स्कालाच्या रंगमंचावर आला.

दरम्यान १८३६ मध्ये बारेत्सीची कन्या मार्गेरिता हिच्याशी त्याचा विवाह झाला. दोन्ही अपत्ये तान्ह्या वयात गेली आणि जून १८४० मध्ये मार्गेरिताही निवर्तली. त्याच वर्षी दुसरा ऑपेरा पडला. व्हेर्दीने लेखन सोडण्याचे ठरविले.

या अवस्थेत त्याच्या हाती ‘नाबुक्को’ची संहिता पडली. जर्मन रचनाकार ऑट्टो निकोलाय याने ती नाकारली होती. तिच्याऐवजी निकोलायला दिलेली संहिता मुळात व्हेर्दीसाठी योजलेली होती. निकोलायचा तो ऑपेरा अयशस्वी झाला, तर ९ मार्च १८४२ रोजी सादर झालेल्या ‘नाबुक्को’ने व्हेर्दीला इटलीभर कीर्ती मिळवून दिली. त्यातील नायिकेची भूमिका गाणारी जुझेप्पिना स्त्रेप्पोनी ही मिलानच्या त्याच विद्यालयाची विद्यार्थिनी. व्हेर्दीला नकार मिळाला तेव्हा ती तेथे शिकत होती. पुढे १८५९ मध्ये दोघांचा विवाह झाला.

उत्तरायुष्य

अखेरचा ऑपेरा ‘फाल्स्टाफ’ १८९३ मध्ये रंगभूमीवर आला तेव्हा व्हेर्दी ७९ वर्षांचा होता. त्याच्या अखेरच्या वर्षांत मिलानच्या विद्यालयाला त्याचे नाव देण्याचा विचार पुढे आला. तरुणपणी आपण ज्यांना नको होतो त्यांनी म्हातारपणी आपले नाव घेऊ नये, अशा आशयाचा विरोध त्याने नोंदविला. मृत्यूनंतर मात्र ते नाव दिले गेलेच.

मिलानमध्येच त्याने स्वतःच्या पैशातून निराधार वृद्ध संगीतकारांसाठी विश्रामगृह बांधले. प्रवेशासाठी ६५ वर्षांच्या किमान वयाची अट होती. आपल्या हयातीत कोणी आभार मानू नयेत म्हणून ते मृत्यूनंतरच सुरू करावे, अशी त्याची इच्छा होती. त्यानुसार त्याच्या जन्मदिनी, १० ऑक्टोबर १९०२ रोजी, पहिले संगीतकार तेथे राहावयास आले. व्हेर्दी आणि जुझेप्पिना यांची समाधी त्याच वास्तूत आहे.